मधुमेहाचें पूर्वरूप आणि घरचें पान

रोगाचा विचार करतांना आपल्या जुन्या वैद्यकानें पांच गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यांतील पूर्वरूप हा शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. रोग अद्याप घरांत आलेला नाहीं, परंतु त्याची चाहूल ओसरीवर लागलेली आहे, अशी जी अवस्था तें पूर्वरूप. हल्लीं डॉक्टरमंडळी जिला "प्रीडायबेटिस" म्हणतात व घरोघरीं जिचा उल्लेख "साखर सीमेवर आहे" अशा शब्दांनीं होतो, त्या अवस्थेला याहून नेमकें नांव आम्हांस सुचत नाहीं.

प्रथम आंकडे सांगून टाकतों. रात्रभर उपाशी राहून सकाळीं रक्त तपासलें असतां दर १०० मिलिलिटरला साखर १०० मिलिग्रॅमपेक्षां कमी असावी. ती १२६ वा अधिक निघाली आणि पुन्हां तपासल्यावरहि तसेंच दिसलें, तर तो मधुमेह. मधली १०० ते १२५ ही पूर्वरूपाची पायरी होय. (जागतिक आरोग्य संघटना ही पायरी ११० पासून धरते, म्हणून दोन डॉक्टरांच्या बोलण्यांत कधीं कधीं फरक पडतो.) ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून घेऊन दोन तासांनीं तपासल्यास १४० ते १९९, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी या चाचणींत ५.७ ते ६.४ टक्के, हीहि त्याच पायरीचीं मापें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून आपल्या देशांत मधुमेही सुमारें १० कोटि १० लाख, आणि या मधल्या पायरीवर उभे असलेले सुमारें १३ कोटि ६० लाख आहेत. तेव्हां अकरा माणसांच्या घरांत एखादा तरी या पायरीवर असावा, यांत नवल नाहीं.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाचीं जीं कारणें दिलीं आहेत, तीं वाचतांना आपल्याच घराचें वर्णन वाचीत आहों कीं काय असें वाटतें : सुखानें बसून राहणें, झोपेची आवड, दहीं, दूध, नवें धान्य, गुळाचे पदार्थ. सुश्रुतानें तर जन्मतः येणारा आणि अपथ्यानें होणारा असे प्रमेहाचे दोन भेदच केले आहेत. निर्धन रोग्याला त्यानें पायांत वहाण व डोक्यावर छत्री न घेतां शंभर योजनें चालावयास सांगितलें, विहीर खणावयासहि सांगितलें. हें सर्व आदरणीय आहे. परंतु यावरून "आमच्या ऋषींना सगळें ठाऊक होतें, आतां तपासणी कशाला?" असें म्हणणारे जे कांहीं लोक भेटतात, त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. चरकानें सांगितलेलीं पूर्वरूपें, म्हणजे तोंडास गोडी येणें, हातापायांची आग होणें, अंगाला व मूत्राला मुंग्या लागणें, हीं डोळ्यांना व जिभेला कळणारीं आहेत. आज आपण ज्या पायरीबद्दल बोलत आहों, ती बहुधा कांहींच कळूं देत नाहीं. मुंग्या लागेपर्यंत जो थांबेल, त्याचा रोग पूर्वरूपांत राहिलेला नसतो. रक्त तपासल्यावांचून गत्यंतर नाहीं.

मग कळून उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. चीनमधील दाचिंग शहरांत १९८६ सालीं अशाच ५७७ माणसांना हातीं धरून सहा वर्षें प्रयोग झाला. अमेरिकेंतील ३,२३४ माणसांच्या प्रयोगाचा निष्कर्ष २००२ मध्यें बाहेर आला : वजन शेंकडा सात कमी करणें व आठवड्यास १५० मिनिटें व्यायाम, एवढ्यावर मधुमेह होण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें, मेटफॉर्मिन हें औषध घेणाऱ्यांत तें ३१ टक्क्यांनींच घटलें. आपल्याकडे चेन्नई येथें डॉ. रामचंद्रन् यांनीं ५३१ माणसांवर तीन वर्षें हाच प्रयोग केला (२००६). त्यांत नुसते राहिलेल्या शंभरांपैकीं ५५ जणांना मधुमेह झाला, पथ्य व व्यायाम करणाऱ्या शंभरांपैकीं ३९ जणांना. म्हणजे पथ्य करूनहि कांहींना तो गांठतोच, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु शंभरांतील सोळा माणसें वांचलीं, आणि त्यांपैकीं एक आपल्या घरचें असूं शकतें.

"पण आम्ही तर शेलाटे, आम्हांला कसला मधुमेह?" हा दुसरा समज. या बाबतींत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें काम जगभर ठाऊक आहे. २००४ सालीं "लॅन्सेट" या वैद्यकीय पत्रांत त्यांचें स्वतःचें व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें होतें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक २२.३, परंतु अंगांतील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! आपलीं हाडें बारीक, स्नायू थोडे, आणि चरबी लपून बसते ती पोटांत. म्हणून तराजूपेक्षां शिंप्याची टेप अधिक खरें बोलते. कमर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० च्या आंत असावी, असें आपल्या लोकांसाठीं ठरविलेलें माप आहे.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे पानाकडे येतों. आमच्या एका वाचकांनीं (वय त्रेसष्ट, कुटुंब एकत्र) कळविलें आहे कीं, त्यांची उपाशीपोटींची साखर ११४ निघाली, त्याच दिवशीं त्यांनीं चहांतील साखर कायमची सोडली, त्याला चार महिने झाले, आणि तरीहि आंकडा ११३ च्या खालीं उतरत नाहीं. एवढ्या त्यागाचें फळ कां मिळूं नये, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांनीं आपलें रोजचें जेवण प्रामाणिकपणें लिहून पाठविलें असल्यामुळें हिशेब मांडतां येतो. दिवसाला दोन कप चहा, दर कपास एक चमचा साखर; म्हणजे सुटली ती फार तर १० ग्रॅम. दुपारीं मात्र प्रथम वरणभाताची मूद, मग तीन पोळ्या व बटाट्याची भाजी, नंतर आमटीभात, शेवटीं ताकभात. शिजलेल्या भाताच्या एका वाटींत सुमारें ४० ग्रॅम पिष्ट असतें, एका मध्यम पोळींत १८ ते २०, मध्यम बटाट्यांत जवळजवळ तितकेंच. तिन्ही वेळचा भात मिळून दोनच वाट्या धरल्या तरी बेरीज १५० च्या घरांत जाते, आणि हें एका जेवणाचें. पिष्ट म्हणजे साखरेच्याच कड्यांची सांखळी. पोटांत ती सुटते आणि रक्तांत साखर होऊन उतरते. पुढच्या दारीं एक चोर अडवावा आणि मागच्या दारानें पंधरा आंत घ्यावे, असा हा प्रकार झाला.

ही साखर पेशींत नेऊन पोंचविण्याचें काम स्वादुपिंडांतून पाझरणाऱ्या इन्शुलिनचें. यकृतांत व स्नायूंत चरबी सांचली, अंग हलेनासें झालें, म्हणजे पेशी इन्शुलिनचें ऐकेनाशा होतात. वर्गांत मुलें ऐकेनाशीं झालीं कीं मास्तर आवाज चढवितो. स्वादुपिंडहि तसेंच अधिकाधिक इन्शुलिन सोडूं लागतें. पण वर्षानुवर्षें ओरडणाऱ्या मास्तराचा घसा बसतो, हें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. पूर्वरूपाच्या काळांत घसा धरलेला असतो, बसलेला नसतो. ओरडण्याचें कारण कमी करावें, एवढेंच पथ्याचें तात्पर्य.

यासाठीं परदेशी खाद्यें आणण्याचें कारण नाहीं. आपलें पान वाढण्याची जी रीत आहे, तींतच सर्व साहित्य आहे. फक्त प्रमाण उलटें झालेलें आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्यें भात आणि पोळी. आज मधला भाग पान व्यापून बसतो आणि डावीकडची कोशिंबीर चमचाभर, जणूं शास्त्रापुरती असते. ती वाटीभर करावी : काकडी, गाजर, मुळा, कोबी, जें ऋतूचें असेल तें, दहीं व दाण्याचें कूट घालून, साखरेची चिमूट न घालतां. उजवीकडची उसळ सणाची न ठेवतां रोजची करावी. मटकी, मूग, मसूर, चवळी, हरभरा यांना आपल्या घरांत कांहीं कमी नाहीं, आणि मोड आणण्याची कला तर आपल्याच भगिनींची. वरण पळीवाढें न करतां घट्ट असावें, कारण पातळ वरणांतून पोटांत जातें तें बहुतेक पाणी, आणि त्याच्या निमित्तानें भात मात्र दुप्पट जातो. भाजी बटाट्याऐवजीं पालेभाजी, दोडका, भोपळा, घेवडा, गवार यांची. एवढें झाल्यावर मध्यें दोन लहान पोळ्या आणि अर्धी वाटी भात पुरतो. भूक राहत नाहीं.

जेवणाचा क्रमहि बदलून पाहावा. न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं २०१५ मध्यें मोजक्याच मधुमेही लोकांवर एक प्रयोग केला. तेंच अन्न, पण भाज्या व प्रथिनांचे पदार्थ आधीं आणि पाव नंतर दिला असतां जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. आपण आरंभच वरणभातानें करतों. कोशिंबीर व उसळ आधीं आणि भात शेवटीं ताकाबरोबर, असा क्रम ठेवल्यास कोणत्याहि देवाचा कोप होणार नाहीं.

येथें एक सूचना अवश्य दिली पाहिजे. अलीकडे "भात सोडा, भाकरी धरा" असा मंत्र फार ऐकूं येतो. ज्वारी-नाचणी चांगलींच, परंतु २०२५ मध्यें वर उल्लेखिलेल्या देशव्यापी पाहणीचाच जो आहारविषयक भाग प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसलें कीं भारतीयांच्या आहारांतील सुमारें ६२ टक्के उष्मांक पिष्ट व साखर यांतूनच येतात, आणि तांदळाच्या जागीं गव्हाचें किंवा भरडधान्याचें पीठ आणल्यानें, एकूण पिष्ट तेवढेंच राहिल्यास, धोका कमी होत नाहीं. तें कमी करून त्या जागीं डाळी, कडधान्यें, दूधदहीं यांतील प्रथिनें आलीं, तरच लाभ. एक जाड भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची असते, हें विसरून चार भाकऱ्या खाणारांनीं भाकरीला दोष देऊं नये.

गुळाविषयीं तर आम्हांस रोज विचारतात. गुळांत लोह असतें, हें खरें. पण त्याचा बहुतेक भाग साखरच, आणि स्वादुपिंडाला ती ओंसाची कीं काकवीची हें कळत नाहीं. मधाचेंहि तेंच. सातू प्रमेहावर चरकानें विशेष सांगितले आहेत आणि त्यांतील तंतु साखर सावकाश चढूं देतात, हें आजच्या शास्त्रालाहि मान्य आहे. मात्र आपल्या घरचें "सातूचें पीठ" बहुधा गहूं व डाळें मिसळलेलें असतें आणि तें आपण दूधगूळ घालून खातों, तेव्हां त्याला सातू म्हणणें हा केवळ नामविधि होय. मेथी, कारलें, जांभळाच्या बिया यांचा वापर अन्न म्हणून करावा. औषध म्हणून त्यांवर भरंवसा ठेवून भात तसाच चालूं ठेवूं नये. फळें अखंड चावून खावीं, रस काढून पिऊं नयेत. आंब्याच्या दिवसांत दोन फोडी खाणाराला आम्ही अडविणार नाहीं, पण आमरसाची वाटी आणि वर पुरी, याला पथ्यांत जागा नाहीं.

उपवासाचा प्रश्न जरा नाजूक आहे, तरी बोललेंच पाहिजे. साबुदाणा हा दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या एका कंदाचें निव्वळ पिष्ट. त्यांत प्रथिन जवळजवळ नाहींच. बशीभर खिचडीला ७० ग्रॅम साबुदाणा धरला तर त्यांत ६० ग्रॅमहून अधिक पिष्ट झालें. वर बटाटा आहेच, आणि तोहि अमेरिकेचाच. ज्या स्मृतिकारांना हे पदार्थ स्वप्नांतहि ठाऊक नव्हते, त्यांच्या नांवावर एकादशीला दुप्पट खावें, हें आमच्या बुद्धीला पटत नाहीं. ज्यांना उपवास करावयाचा आहे त्यांनीं दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, थोडी भगर असा बेत ठेवावा. ज्यांना मधुमेहाचीं औषधें चालूं आहेत, त्यांनीं मात्र डॉक्टरांना विचारल्यावांचून उपवास करूं नये. साखर एकाएकीं उतरण्याचें भय असतें.

एकत्र कुटुंबांत पथ्य मोडतें तें बहुधा प्रेमानें. "अहो, एका जिलबीनें काय होतें?" म्हणून आग्रह करणारी वहिनी आणि "आज तरी घ्या" म्हणणारे व्याही, यांना रोग्याचें वाईट व्हावें असें कधींच वाटत नाहीं. पण एकट्या माणसाचें वेगळें पथ्याचें भांडें आठ दिवस चालतें, नवव्या दिवशीं करणारी कंटाळते आणि खाणारा हिरमुसतो. सबब सर्वांचेंच जेवण बदलावें, हा एकच टिकाऊ मार्ग. मुलांना उसळ व कोशिंबीर वर्ज्य नाहीं. वाढत्या मुलांना भातपोळी थोडी अधिक वाढली कीं झालें. उलट, वयोवृद्धांना उपाशी ठेवूं नये. पंचाहत्तरीच्या आजींचें वजन आधींच कमी असेल, तर त्यांचा भात काढून घेण्याआधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; त्या वयांत स्नायू झडणें हें साखरेइतकेंच वाईट. आणि शतपावली! ती शंभर पावलांवर थांबवूं नये. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगांत, साठी उलटलेल्या व साखर सीमेवर असलेल्या लोकांनीं प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटें चालल्यानें दिवसभराची साखर सुधारलेली दिसली. जेवून लगेच आरामखुर्ची गांठणें ही आमच्या पिढीची खास संवय आहे.

वर ज्या वाचकांचा उल्लेख केला, त्यांच्या पत्राच्या अखेरीस एक ओळ आहे. त्यांच्या धाकट्या सूनबाईंना गरोदरपणीं साखर झाली होती, "परंतु बाळंतपणानंतर ती गेली, सबब काळजीचें कारण उरलें नाहीं." स्वतःच्या ११४ वर चार पृष्ठें आणि सूनबाईंवर एक ओळ! आमच्या मतें त्या घरांत अधिक काळजी घ्यावयास हवी ती त्या मुलीची. गरोदरपणीं झालेली साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते, हें खरें. परंतु अशा स्त्रीला पुढें मधुमेह होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या सातपटीहून अधिक असतो, असें अनेक पाहण्या एकत्र करून २००९ मध्यें दाखविण्यांत आलें. तिचें पूर्वरूप सर्वांच्या देखत येऊन गेलें, आणि बारशाच्या गडबडींत कोणी त्याची नोंद ठेवली नाहीं.

त्यांतून आपली घरची रीत पाहावी. बाळंतिणीला शिरा, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर. पुढें ती सर्वांच्या मागून जेवते, उसळ व भाजी तोंवर संपलेली असते, आणि "वायां कशाला घालवायचें" म्हणून उरलेला भात तिच्याच पानांत पडतो. मुलानें टाकलेली अर्धी पोळीहि तीच खाते. हें तिच्या आवडीचें नव्हे, पाळीचें फळ आहे. घरच्या वडील स्त्रियांनीं तिची उसळीची वाटी आधीं बाजूला काढून ठेवावी. अंगावर पाजणाऱ्या आईला उपाशी ठेवावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. उलट अंगावर पाजणें तिलाहि हितकर आहे. लाडवांत साखरगूळ कमी करून सुकें खोबरें, खसखस, बदाम वाढवावे, वाटीभर घट्ट वरण व दूध द्यावें.

तिची तपासणी बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांच्या आंत, आणि पुढें एक ते तीन वर्षांनीं जन्मभर करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. पहिल्या खेपेस ग्लुकोज पाजून केलेली चाचणी घ्यावी. बाळंतपणांत रक्त गेलेलें असतें, आणि अंगांत लोह कमी असल्यास एचबीए१सीचा आंकडा फसवा येऊं शकतो. पत्रलेखकांच्या सूनबाईंचें मूल आतां दोन वर्षांचें आहे, म्हणजे वेळ होऊन गेली आहे. तरी या महिन्यांतच त्यांना घेऊन जावें. उपाशीपोटीं जाऊन दोन तास तेथेंच बसावें लागतें. तेवढा वेळ मुलाला सांभाळावयास कोणी तरी हवें. आणि आजोबा, आपण पत्रांत लिहितां त्यावरून, सकाळीं मोकळेच असतात.